पायोरियाचे जंतू आणि बकुळीची साल

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी विषय मिळाला: हिरड्यांच्या आजाराच्या जंतूंवर बकुळीच्या सालीचा अर्क चालतो का? बकूळ, बाभूळ, खैर हे सगळे दंतमंजनात पूर्वापार आहेतच. ‘सोपा विषय गं,’ असं सगळे म्हणाले. झाडाचं काम खरंच सोपं होतं.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रातून फांदीचा नमुना ओळखून घेतला. तो कागद नसला की परीक्षक तिथेच अडवतात. मग साल सावलीत वाळवून दळली, ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवली, गाळून आटवली. उरला लाखेसारखा तांबूस चिकट गोळा. तो पाण्यात धड विरघळेना म्हणून डीएमएसओ हे द्रावक घेतलं. पण तेही जंतूंना जाचतं, त्यामुळे अंतिम मिश्रणात १ टक्क्याच्या आत ठेवायचं आणि नुसत्या डीएमएसओची नळी शेजारी लावायचीच.

खरा छळ पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस या हिरड्यांच्या आजाराच्या जंतूने मांडला. याला प्राणवायू सोसत नाही आणि खायला रक्तातलं हेमिन लागतं. मेंढीच्या रक्ताच्या अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, हेमिन, व्हिटॅमिन के घालायचं, हवाबंद जारमध्ये ३७ अंशांवर ठेवायचं आणि झाकणाला हात न लावता थांबायचं. आठवडाभराने कॉलनी काळ्या पडल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. हेम साठवल्यामुळे येणारा तो रंग हीच त्यांची ओळख.

सुरुवात अगारमध्ये भोकं पाडून अर्क भरण्याने केली. भोकाभोवती जंतू न वाढलेली वर्तुळं फोटोत झकास दिसतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. सालीतल्या टॅनिनचे, म्हणजे तुरट द्रव्याचे, मोठे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे वर्तुळ लहान म्हणजे अर्क दुबळा, असं म्हणता येत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या वर्तुळाशी मिलीमीटरची तुलना तर निरर्थकच.

म्हणून ९६ खणांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत गेले. तिथे वेगळीच पंचाईत! अर्काचाच रंग गडद, शिवाय टॅनिन माध्यमातल्या प्रथिनांशी जुळून गढूळपणा आणतं. जंतू वाढले की साका बसला, डोळ्यांना कळेना. कुणीतरी जिवंत जंतू असले की रंग बदलणारं रेझाझुरिन सुचवलं. पण प्राणवायू नसला की ते जंतूंशिवायही रंग सोडतं. जारमध्ये हवा शिरली का हे पाहायला तेच तर वापरतात. शेवटी प्रत्येक खणातला थेंब ताज्या रक्त-अगारवर लावला, पुन्हा जार, पुन्हा वाट.

अर्काने वाढ रोखली. जंतू मारायला मात्र बरीच जास्त मात्रा लागली. तोंडी परीक्षेत अपेक्षित प्रश्न आलाच, ‘मग पेशंटला बकुळीचं मंजन देणार का?’ नाही म्हणाले. माझे जंतू द्रवात सुटे तरंगत होते. हिरडीच्या खोबणीत ते थर धरून बसतात, तिथे औषध सहज शिरत नाही, आणि मंजन तर तिथवर पोचतही नाही. आधी स्केलिंगच, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढणं.