अँटिऑकजवळ पंक्चर

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात सहा वर्षं झाली, पण डिकीतली स्टेपनी पहिल्यांदा बाहेर काढली ती या सप्टेंबरात, आणि तीही अशा जागी की मोबाईलला एक दांडी रेंज नाही, माणूस तर सोडाच, सावलीला झाडसुद्धा नाही. कामासाठी राज्याच्या पश्चिमेला अलायन्स या गावी चालले होते, एकटीच. (आई, हे वाचत असशील तर पुढचंही वाच, लगेच फोन नको लावू.)

रस्ता म्हणजे स्टेट हायवे दोन. यातली पहिली गंमत म्हणजे मी राहते त्या लिंकन शहराजवळही एक हायवे दोन आहे, तो पूर्वेला नेब्रास्का सिटीकडे जातो, आणि हा दुसरा हायवे दोन ग्रँड आयलंडहून सुरू होऊन पश्चिमेला पार साउथ डकोटाच्या हद्दीपर्यंत. नंबर एक, तुकडे दोन, मधे जोड नाही. आपल्याकडे असं असतं तर बांधकाम विभागावर किती जोक झाले असते, पण इथे कोणालाच काही वाटत नाही. ग्रँड आयलंड ते अलायन्स 272 मैल, म्हणजे साधारण 438 किलोमीटर, आणि यातला मोठा भाग सँडहिल्समधून. सँडहिल्स म्हणजे वाळूचे डोंगरच, फक्त वर गवत उगवलेलं. विस्तार आपल्या विदर्भाच्या निम्मा, आणि माणसं कुठे गेली देव जाणे. थेडफर्ड, मलन, हायॅनिस ही तिथली मोठी गावं, मलनला जेमतेम पाचशे लोक, हायॅनिसला दोनशेसुद्धा नाहीत. बरं, थेडफर्ड सोडून मलनकडे जाताना मधेच टाइमझोन बदलतो, मोबाईल गुपचूप एक तास मागे जातो. म्हणजे आमच्या नागपूरजवळच्या फेटरीहून निघालात आणि कळमेश्वरला पोचलात तर निघालात त्याच्या आधीच पोचलात.

रस्त्याला लागून सतत रेल्वे, वायोमिंगचा कोळसा घेऊन शंभराच्या वर डब्यांची गाडी, एक गेली की थोड्या वेळाने दुसरी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कोळसागाड्या बघत मोठी झालेली मी, तरी डबे मोजता मोजता कंटाळले. रूळ आधी आले, रस्ता नंतर. रेल्वे 1886 ला ब्रोकन बोपर्यंत आणि 1888 ला अलायन्सपर्यंत पोचली, गावं तिच्या स्टेशनांभोवती वसली, आणि हायॅनिस, व्हिटमन, ॲशबी ही नावं चक्क मॅसॅच्युसेट्समधल्या गावांची उचललेली. गवताच्या वाळवंटात समुद्रकाठच्या गावाचं नाव! मग मोटारी आल्या तसा रुळाच्या कडेने रस्ता झाला. एके काळी त्याला पोटॅश हायवे म्हणायचे, ग्रँड आयलंडमध्ये अजून ओल्ड पोटॅश हायवे नावाचा रस्ता आहे. मी त्यावरून कितीदा गेलेय, पण पोटॅश का, हे कधी डोक्यातच आलं नाही.

ते कळलं पंक्चरमुळे. अँटिऑक या ओस पडलेल्या गावाच्या माहितीच्या पाटीपाशी टायर बसला. पान्ह्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले तरी नट हलेना, मग काय करणार, पाटी वाचली, तीन वेळा. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून पोटॅश यायचं बंद झालं, इकडे कापसाच्या शेतीला खत पाहिजे, आणि इथल्या खारट तळ्यांच्या पाण्यात पोटॅश आहे हे माहीत होतं. मग पाइपने पाणी आणा, आटवा, भरा पोती. 1918 च्या वसंतापर्यंत पाच कारखाने उभे, मूठभर घरांचं गाव दोन हजारांवर गेलं. युद्ध संपलं, जर्मनीचा माल परत यायला लागला, आणि 1921 ला शेवटचा कारखानाही बंद. आता काँक्रीटचे ढाचे आणि आजूबाजूला गाई. मेलेल्या गावाला इतकी छान पाटी लावणारं सरकार मला आवडलं, मग लगेच वाटलं आपल्या नागपुरातही अंतरं मोजायचा झिरो माइलचा जुना दगड आहेच की चार घोड्यांसकट, आपण त्याला वळसा घालून जातो ती गोष्ट वेगळी.

आता मुख्य गोष्ट. या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करतो. फक्त तर्जनी. पहिल्या वर्षी मला वाटायचं पुढे पोलीस उभा आहे, आपल्याकडे लाइट मारतात ना तसं, आणि मी उगाच स्पीड कमी करायचे. नंतर कळलं, काही नाही, नुसतं "दिसलीस गं" एवढंच. पिकअपवाला, गवताचे गठ्ठे नेणारा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे. ओळख लागत नाही, रंग बघत नाहीत, निदान काचेपलीकडून तरी नाही. शहरात याच लोकांना लिफ्टमध्ये माझं नाव तिसऱ्यांदाही धड घेता येत नाही, ते असो.

तर चाळीस मिनिटांनी एक पिकअप आली, आधी बोट वर झालं, मग ब्रेक लागला. सत्तरीचे आजोबा, टोपीवाले. "यू गुड?" म्हणाले, उत्तराची वाट न बघता जॅक लावला. दहा मिनिटांत काम. पैसे घेईनात, म्हणून डब्यातली संत्रा बर्फी दिली, तोंडात टाकून म्हणाले "ऑरेंज?" आणि दुसरी उचलली.

नागपुरात असते तर चाळीस मिनिटं थांबावं लागलं नसतं हेही खरं. दहा जण जमले असते, एकाने टायर बदलला असता, नऊ जणांनी सल्ले दिले असते आणि एकीने मी कोणाची हे शोधून काढलं असतं. पण तिथे मी एकटी साडेचारशे किलोमीटर गाडी काढली असती का? काढू दिली असती का? हे मी आईला विचारते, ती विषय बदलते.

काटोलच्या मामाला मात्र टायरशी काही घेणं नव्हतं. त्याच्या संत्र्याच्या बागेला पोटॅश लागतं, पोत्याचा भाव त्याला तोंडपाठ. "मंग आता काऊन नाही काढत कोनी तिथून?" परवडत नाही मामा, म्हटलं, आता अमेरिकाच कॅनडाकडून घेते. "आपनही बाहेरूनच घेतो," तो म्हणाला, आणि बराच वेळ त्या तळ्यांबद्दलच विचारत बसला.

दिवाळीत घरी आले तेव्हा काटोल रोडवर मामाची बोलेरो मीच चालवत होते. सवयीने समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला बोट दाखवलं. त्याने करकचून ब्रेक मारला, खाली उतरून आला. "काय झालं ताई, बंद पडली का गाडी?"

मामा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काही नाही भाऊ, जाय तू. पोरगी अमेरिकेहून आली आहे."