पाणी वाढलं, म्हणून प्लांट बंद केला

खारपाणपट्ट्यातल्या आमच्या गावात ताशी हजार लिटरचा आरओ प्लांट आहे; खारं पाणी दाबानं मेम्ब्रेन नावाच्या पडद्यातून गाळून तो क्षार काढतो. ऑगस्टात शेजारच्या गावांतल्या पाणीपुरवठा समित्या आणि बचत गटाच्या बाया, असे अठरा जण तो पाहायला आले होते.

"आज तं पानी लय जोरात येऊन राह्यलं, भाऊ!" एकीनं ग्लास भरता भरता म्हटलं. तिथंच खटकलं. शुद्ध पाण्याची ताशी धार दाखवणारा रोटामीटर 1,250 लिटरवर, प्रेशर 12 किलोवरून साडेदहावर उतरलेलं, आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 110 ऐवजी 420. विहिरीच्या पाण्याचा मात्र नेहमीचाच, 3,100. त्या पाण्याची सवय असलेल्याला 420 गोडच लागतं, शिवाय ते पिण्याच्या पाण्याच्या 500 च्या मर्यादेतही बसतं. त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती.

मेम्ब्रेनवर क्षार साचले तर प्रेशर चढतं, धार बारीक होते. सायट्रिक ॲसिडनं धुतलं की बहुतेक वेळा सुधारतं. पाणी वाढलं आणि खारटही झालं, तर मेम्ब्रेनचा पापुद्राच विरलाय. तो कशानंही दुरुस्त होत नाही.

पावसाळ्यात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. टाकायलाच हवी. पण तिच्यातलं क्लोरीन मेम्ब्रेनचा हा पॉलिअमाइडचा (एक प्लास्टिक) पापुद्रा खातं; त्याला आधीच अडवायचं काम कार्बन फिल्टरचं. फिल्टरनंतरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट केली, क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं: पिवळं! कार्बन कधीचाच संपला होता. वाळूचा फिल्टर रोज बॅकवॉश व्हायचा, कार्बनची तारीख कुणी पाहत नव्हतं. चारही मेम्ब्रेनचं पाणी वेगवेगळं मोजलं: पहिलीचं 690, शेवटचीचं 230. क्लोरीनचा पहिला मारा पहिलीवरच बसतो.

"यानं समुद्राचं पानी गोड होईन का?" समितीतल्या एका काकांनी विचारलं. तत्त्व हेच, पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ सुमारे 35 ग्रॅम, आमच्यात तीन. चेन्नईजवळच्या नेम्मेलीसारख्या प्लांटला त्यासाठी साठ किलोच्या आसपास प्रेशर लागतं. आमचा पंप तिथं थेंबही काढणार नाही.

प्लांट बंद करून आधी कार्बन बदलला, मग पहिल्या दोन मेम्ब्रेन. उलट केलं असतं तर नव्या मेम्ब्रेनही त्याच पावसाळ्यात गेल्या असत्या. आता कार्बननंतरची ओटी टेस्ट रोज सकाळी होते, टीडीएसच्याच वहीत तिचा रकाना आखलाय.