मगर, गमर आणि आमच्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा शाळेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असूनही मन पहिलीच्या वर्गातून पुढे सरकेना. कारण ज्या बाईंनी मला वाचायला शिकवले, त्यांचे ऋण मी आजवर कधी लिहून व्यक्त केले नव्हते.

१९७९ साली मी पहिलीत होतो. आमची सुरुवात ‘ग म भ न’ने झाली. फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरांवर बाई चिंचोके मांडायला लावीत, त्यामुळे ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक डोळ्यांआधी बोटांना कळे. थोरल्या बहिणीचे ऐकून पुस्तकातले धडे मला पाठ झाले होते आणि ओळीवर बोट फिरवीत मी ते न अडखळता म्हणत असे. घरी सर्वांना मी वाचतो असेच वाटे. बाईंना मात्र माझे बोट एका शब्दावर आणि तोंड पुढच्या शब्दावर असल्याचे दिसले. त्या वर्गासमोर काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर ‘मगर’ लिहिले, ते मी वाचले. मग ‘गमर’ लिहिले, तेही मी ‘मगर’ असेच वाचले.

“अक्षर बघ, बाळा. पुस्तकात नाही ते वाचता आलं, म्हणजे वाचता आलं.”

मला रडू कोसळले. त्यानंतर दिवाळीपर्यंत बाईंनी आपला डबा बाजूला ठेवून रोज मला शेजारी बसवले. ‘किती’ या शब्दावर मी फार अडलो, कारण पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते आणि उच्चारात मात्र नंतर येते, बाई आधी ‘क’ म्हणायला लावीत, मग ‘कि’.

आज मी प्राथमिक शिक्षकांना वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण देतो. मूल अक्षरे जोडून वाचते की शब्द आठवून म्हणते हे पाहण्यासाठी वाचनाच्या काही चाचण्यांत निरर्थक शब्द मुद्दाम देतात, हे मी पुढे अभ्यासात वाचले, तेव्हा मला तो फळा आठवला. आता वर्गावर्गात छापील तक्ते आणि डिजिटल पडदे आहेत. परंतु एका मुलाजवळ महिनोन्महिने बसायला लागणारा वेळ माहिती भरण्यात जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘गमर’ लिहितो. बहुतेक शिक्षक तो ‘मगर’ असा वाचतात, आणि मग मी त्यांना बाईंविषयी सांगतो.