आबांचा झाडू आणि आमची नववी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हाच कळलं होतं की बाकीचे सगळे छडी, स्नेहसंमेलन आणि गणिताच्या सरांवर लिहिणार. मी आर. आर. आबांवर, म्हणजे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटलांवर लिहितोय. आबा आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. पण त्या काळात तासगावच्या पूर्व भागात जो शिकला, त्याच्या नागरिकशास्त्रात आबा होतेच.

आमचे सर 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा धडा पुस्तकातून शिकवत नसत. फळ्यावर खालून वर पायऱ्या काढायचे आणि प्रत्येक पायरीवर ओळखीचा माणूस उभा करायचे. ग्रामपंचायतीवर आमच्या वर्गातल्या पोराचा चुलता, पंचायत समितीवर शेजारच्या गावचे कुणीतरी, आणि जिल्हा परिषदेपासून वर सरळ आबा. अंजनीचे रावसाहेब रामराव पाटील, जन्म १९५७ चा. घरची गरिबी. सांगलीला शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका योजनेत राबत त्यांनी पदवी घेतली, पुढं वकिलीचं शिक्षण केलं. १९७९ साली, बाविशीच्या आसपास, ते सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० पर्यंत तिथंच होते.

सर विचारायचे, सदस्याची मुदत पाच वर्षं, मग आबा अकरा वर्षं कसे? वर्ग गप्प. खरी गोष्ट अशी की १९७९ नंतर राज्यातल्या जिल्हा परिषदांची निवडणूक थेट १९९२ साली झाली. सरकार मुदतवाढ देत राहिलं. लोकशाहीच्या दृष्टीनं वाईटच झालं ते, पण आबांना मात्र त्यामुळं दोन मुदतींचं शिक्षण एका निवडणुकीत मिळालं. शाळाखोली कुणाच्या सहीनं मंजूर होते, पाझर तलावाचं इस्टिमेट कुठल्या टेबलावर अडकतं, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी का टाळतो, हे सगळं त्यांनी तिथं पाहिलं. आज मी दुसऱ्या जिल्ह्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, आहे, म्हणून अधिकारानं सांगतो: हे ज्ञान मुंबईत बसून येत नाही.

१९९० मध्ये काँग्रेसकडून तासगावचे आमदार. १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि आबा विरोधी बाकांवर गेले. तिथंच त्यांचं भाषण राज्याला माहीत झालं. १९९९ ला पवारसाहेबांबरोबर राष्ट्रवादीत गेले आणि विलासरावांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकास मंत्री झाले. तिथून त्यांची आणि आमच्या नववीची गाठ पडली.

साल २०००-०१. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, म्हणजे आबांनी सुरू केलेली गावागावांतली स्वच्छतेची स्पर्धा. कागद शाळेत आला आणि आठवड्याभरात आमचं वेळापत्रक कोलमडलं. सकाळी प्रभातफेरी, पुढं लेझीम, मागं घोषणा. मग झाडू, पाट्या, खोरी. मुलांनी रस्ते झाडायचे, मुलींनी दारापुढं सडा-रांगोळी, अशी वाटणी होती. मुलींनी तिसऱ्याच दिवशी खोरी मागून घेतली. घरोघर शोषखड्डे काढले. गावातले उकिरडे गावाबाहेर हलवायचे ठरलं तेव्हा खरी भांडणं लागली. उकिरडा म्हणजे शेतकऱ्याचं वर्षाचं खत, तो कोण सुखासुखी हलवतोय? एका म्हातारबाबांनी तर 'आधी मला उचला, मग उकिरडा' म्हणून त्यावरच बैठक मारली. सरपंचांनी त्यांना तंबाखू मळून दिली, तासभर शेजारी बसले, आणि संध्याकाळी बाबांच्याच बैलगाडीतून खत शेतात गेलं.

तपासणी समिती येणार त्या दिवशी गाव लग्नघरासारखं होतं. समितीतले लोक गटारीत वाकून बघायचे, पाण्याच्या टाकीवर चढायचे, ग्रामपंचायतीचं दप्तर तपासायचे, गुण लिहून घ्यायचे. आमचा नंबर तालुक्याच्या वर काही गेला नाही. शेजारच्या गावाचा गेला, आणि ते अजूनही आम्हाला ते ऐकवतात.

या अभियानातली मेख मला नोकरीत आल्यावर कळली. कामासाठी सरकारनं गावाला जवळजवळ काही दिलंच नव्हतं. पैसा होता तो बक्षिसात. एरवीची योजना म्हणजे आधी निधी, मग ठेकेदार, मग निकृष्ट काम, मग चौकशी. इथं आधी काम, आणि तेही श्रमदानानं. गावोगावची ईर्षा एरवी पाडापाडीत जाते. या माणसानं तिला गटारी साफ करायला लावलं. हे सुचायला अकरा वर्षं जिल्हा परिषदेत घालवलेली असावी लागतात, असं माझं ठाम मत आहे. पुढं २००३ मध्ये केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला, त्यामागं महाराष्ट्रातला हा अनुभव होता.

सगळं गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. समिती गेली की झाडू कोपऱ्यात जायचा. कित्येक संडासांत पुढं सरपण आणि गोवऱ्या भरलेल्या मी पाहिल्यात. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना अडवणाऱ्या गुड मॉर्निंग पथकात पहाटे उभं राहून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. सवय बदलणं हे एका मंत्र्याच्या कारकिर्दीचं काम नव्हे.

पुढचे आबा आम्हाला पेपरातून भेटले. डिसेंबर २००३ ला गृहखातं, २००४ ला उपमुख्यमंत्रिपद. २००५ ची डान्सबार बंदी गाजली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. कायदा टिकला नाही, पण गावाकडच्या बायका त्या बंदीबद्दल आजही आबांचं नाव घेतात. २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना जुनीच, गावाला गावाशी झुंजवून गावातली भांडणं मिटवायची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात अशा अर्थाचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि पद सोडावं लागलं. त्या वाक्याचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही. ज्या माणसाचं बोलणं हीच कमाई, त्याला एक वाक्य किती महाग पडतं, ते तेव्हा दिसलं. २००९ ला लोकांनी पुन्हा निवडून दिलं, गृहखातं पुन्हा मिळालं, आणि त्या मुदतीत गडचिरोलीचं पालकमंत्रिपद घेऊन ते तिकडं जात राहिले. बाकीचे ज्या जिल्ह्याचं नाव काढत नव्हते, तिथं.

तासगावातून आणि मतदारसंघ बदलल्यावर तासगाव-कवठेमहांकाळमधून असे ते १९९० ते २०१४ सलग सहा वेळा आमदार झाले. १६ फेब्रुवारी २०१५ ला कर्करोगानं गेले. अंत्यसंस्कार अंजनीतच झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये मुलगा रोहित पंचविशीतच विधानसभेत गेला. मुलगा हुशार आहे, बोलतोही छान. पण तो जिल्हा परिषदेच्या वाटेनं गेला नाही, आणि त्याला तरी कसं जाता येणार होतं? २०२२ मध्ये मुदत संपली आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. आमच्या सरांच्या फळ्यावरची मधली पायरी काही वर्षं रिकामीच राहिली. आबांच्या वेळी निवडणूक झाली नाही तरी सदस्य तरी खुर्चीत होते.

महोत्सवाच्या मांडवात आपल्या जिल्हा परिषद गटाच्या राजकारणाचीच चर्चा रंगणार, हे मला आत्ताच दिसतंय. मी पडलो सरकारी नोकर, तोंड उघडायची सोय नाही. पंगतीत सरांच्या शेजारी बसून ऐकेन.