तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीला आतून थर्माकोल लावू का?

मार्च सरत आला की हा प्रश्न सुरू होतो. विचारणारे बहुतेक वाकड, बाणेर, हिंजवडीकडचे, नव्या टॉवरमध्ये पश्चिमेची बेडरूम वाट्याला आलेले. ‘रात्री झोपायच्या वेळीही भिंत गरम लागते हो. आतून थर्माकोल लावून वर जिप्सम बोर्ड मारलं तर खोली गार राहील का?’ बांधकामातला माणूस म्हणून मला विचारतात आणि हो की नाही एवढंच त्यांना ऐकायचं असतं. तेवढ्यात भागत नाही.

तुमची इमारत मिव्हानची. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, वीट कुठेच नसते. बाहेरची भिंत म्हणजे साधारण 150 मिलिमीटर सलग काँक्रीट. काम झपाट्याने होतं, भूकंपालाही बरं. पण उष्णता अडवायच्या बाबतीत काँक्रीट अगदीच दुबळं. 10 चौरस मीटरची भिंत धरा आणि आतल्या-बाहेरच्या हवेत 10 अंशांचा फरक. अशा भिंतीतून सुमारे 380 वॉट उष्णता आत येते. जुन्या नऊ इंची, दोन्हीकडून प्लॅस्टर केलेल्या विटेच्या भिंतीतून 200 च्या आसपास. काँक्रीटलाच 50 मिलिमीटर थर्माकोल लावलं तर जेमतेम 60. शिवाय ऊन थेट भिंतीवर पडतं तेव्हा हा फरक 10 अंशांवर थांबत नाही.

हे आकडे ऐकले की लोक थर्माकोलवाल्याचा नंबर मागतात. मी देत नाही.

थर्माकोलमध्ये 98 टक्के हवाच असते आणि सगळं काम ती कोंडलेली हवा करते. बर्फाच्या लादीवर भुसा घालतात, तो बर्फ तयार करत नाही. तसं थर्माकोलही खोली गार करत नाही. ते फक्त उष्णतेची वाट अडवतं, आणि दोन्ही बाजूंनी अडवतं. चार माणसं, टीव्ही, खिडकीतून आलेलं ऊन, हे सगळं आत तापवत असतंच. एसी नाही आणि रात्री डासांच्या भीतीने खिडक्या बंद, अशा घरात ही उष्णता बाहेर जायची वाटही तुम्ही बुजवलेली असते.

आणि खरा मुद्दा जाडीचा नाही, जागेचा आहे : आतून लावायचं की बाहेरून. काँक्रीट उष्णता अडवत नसलं तरी साठवतं भरपूर. दुपारी चारचं ऊन 150 मिलिमीटर काँक्रीटमधून आत पोचायला चारेक तास घेतं. म्हणून भिंत तुम्हाला रात्री गरम लागते. थर्माकोल बाहेरून लावलं तर काँक्रीटपर्यंत ऊन पोचतच नाही. पहाटेच्या हवेला खिडक्या उघडल्या की ती भिंत निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतली उष्णता शोषून घेते. पुण्यात मे महिन्यातही रात्री हवा बऱ्यापैकी उतरते, त्याचा हा फायदा. तेच थर्माकोल आतून लावलं की काँक्रीट बाहेर एकटं तापतं-निवतं, भेगांची शक्यता वाढते आणि खोलीला मात्र त्या वजनदार भिंतीचा उपयोग शून्य. आतून लावायला माझा होकार एकाच ठिकाणी असतो : रात्री सात-आठ तास एसी चालणारी बेडरूम. तिथे मशीनला भिंत गार करत बसावं लागत नाही, खोली लवकर गार होते.

‘पण कॅनडात तर दोन्हीकडून लावतात!’ हे पुढचं वाक्य ठरलेलं. कोणाचा तरी भाचा तिकडे असतो आणि त्याने व्हिडिओ पाठवलेला असतो. खरं आहे. वेर्नर ग्रेगोरी नावाच्या कॅनेडियन कंत्राटदाराने 1966 मध्ये फोमच्या, म्हणजे थर्माकोलसारख्याच मालाच्या, साच्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिथून ही पद्धत रुळली. फोमचे पोकळ ठोकळे एकात एक बसवत रचायचे, मध्ये सळ्या घालायच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. दोन्हीकडे साधारण अडीच-अडीच इंच फोम, मध्ये बहुधा सहा इंच काँक्रीट. साचा काढायचाच नाही, तोच भिंतीचा भाग. ओतताना मात्र घाई चालत नाही. एका दमात चारेक फूट, मग पुन्हा फेरी. नाहीतर खालचा फोम फुटून काँक्रीट बाहेर येतं. थंडीतही काम करता येतं, कारण फोममुळे ओलं काँक्रीट गोठत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण ते घर हिवाळ्यात महिनोन्महिने खिडक्या लावून, हीटर चालवून राहायचं असतं. आपल्याला वर्षातले कितीतरी महिने खिडकी उघडी लागते.

पावसाळ्याचंही बघा. मिव्हानच्या भिंतीत साच्याच्या टायांची, म्हणजे दोन्हीकडचे साचे बांधून धरणाऱ्या पट्ट्यांची, भोकं असतात, ती नीट बुजवलेली नसली की पाणी झिरपतं. नुसत्या भिंतीवर ओल लगेच दिसते. जिप्समच्या मागे ती गणपतीपर्यंत दिसत नाही, आधी कुबट वास येतो. आणि आग! थर्माकोल 100 अंशांच्या आतच मऊ पडतं आणि पेटलं की काळा धूर ओकतं. उघडं कधीच ठेवायचं नाही, आगरोधक प्रतीचंच घ्यायचं, पॅकिंगमधलं तर नाहीच नाही. त्यातून गेलेल्या वायरी पाइपमध्ये हव्यात, कारण थर्माकोलला चिकटून राहिलेली वायरवरची पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, कडक होऊन तडकते. उंच इमारतीला बाहेरून लावायचं तर मी रॉकवूलच, म्हणजे दगडाच्या तंतूंची न जळणारी गादी, सुचवतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसं गेली. तिथे बाहेरच्या पत्र्यांत पॉलिथिलीन होतं आणि मागे फोम.

गोम अशी की बाहेरची भिंत सोसायटीची. तुम्ही एकट्याने तिला हात लावू शकत नाही, आणि सर्वसाधारण सभेत हा विषय पार्किंगच्या मागे कुठेतरी येतो. म्हणून मी आधी दुसरंच विचारतो : खिडकीवर छज्जा आहे का? नव्या टॉवरमध्ये तो बहुतेक नसतोच. काचेतून येणारं ऊन भिंतीतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा लवकर त्रास देतं, तेव्हा बांबूची चिक बाहेरून लावा, पडदा आतून नव्हे. सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर भिंत विसरा, गच्ची बघा. कोबा उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करायची वेळ आलीच असेल, तर कोब्याखाली थर्माकोल नको, एक्सपीएसचे, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या पण घट्ट फोमचे, बोर्ड टाका. ते पाणी फार कमी पितं. वरून पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी.

एवढं करूनही पश्चिमेची बेडरूम छळत असेल आणि रात्री एसी लागतच असेल, तर आतून 50 मिलिमीटर लावा. पण एक पावसाळा भिंतीला ओल येत नाही ना ते बघून, दिवाळीनंतर.