लाइट गेली की फोनही जातो

परवा दुपारी आमच्या सेक्टरची लाइट गेली आणि तिच्यामागोमाग घरचा फोनही गेला. सवयीने रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर आत काहीच नाही. डायल टोनची घरघर गेली की मला अजूनही घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतं. गेल्या वर्षी तांब्याच्या तारांची जोडी काढून फायबर टाकली, तेव्हा त्याचं घरच्या विजेवर चालणारं खोकं बसवायला आलेल्या पोराला मी विचारलं होतं, "याला बॅटरी कुठेय?" तो म्हणाला, "काकू, वाशीत कुठे लाइट जाते?" पोरगा बहुतेक पावसाळ्याआधी आला होता.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजातली. सुरुवातीची काही वर्षं बॅटरी रूम माझ्याकडे होती. २ व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले, म्हणजे ४८ व्होल्ट. तोच करंट तांब्याच्या जोडीतून थेट लोकांच्या घरातल्या फोनपर्यंत जायचा. म्हणून अख्खा भाग काळोखात असला तरी फोन चालू. रोज सकाळी सेलमध्ये आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. आम्लाच्या शिंतोड्यांनी माझ्या तीन साड्यांची चाळणी झाली. आई विचारायची, "ऑफिसात उंदीर पाळलेत का गं?"

हे सगळं आठवायचं कारण एक जुनी अमेरिकन गोष्ट. २८ मार्च १९७९ ला पहाटे ४ वाजता थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात बिघाड सुरू झाला. केंद्राने अणुनियामक आयोगाच्या विभागीय कार्यालयाला फोन लावला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. ऑफिस उघडलेलं नव्हतं. फोन उचलला तो निरोप घेणाऱ्या सेवेने, आणि ज्यांना निरोप द्यायचा ते साहेब घरून निघून ऑफिसच्या रस्त्यावर. मोबाइल नव्हते. खरी माणसं बोलेपर्यंत पाऊण तास गेला. त्यानंतर केंद्राकेंद्रात थेट आयोगाला लागणारे फोन बसवले गेले. उचलला की पलीकडे चोवीस तास माणूस हजर.

इथवर ठीक. पण जून १९८० मध्ये आयोगाला सगळ्या केंद्रांना एक बुलेटिन धाडावं लागलं : बाहेरून येणारी वीज गेली तर हा आणीबाणीचा फोनही बंद पडू शकतो, त्याला बॅटरीच्या आधाराचा पुरवठा जोडा! म्हणजे अणुवीज केंद्रावर वीज जाणं हीच मोठी आणीबाणी, आणि नेमक्या त्याच वेळी फोन मुका. लाइन धडधाकट, एक्स्चेंज धडधाकट, आणि केंद्रातलं एक खोकं साध्या प्लगवर. वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो माझ्या गच्चीवरून. तिथल्या अणुभट्ट्या संशोधनाच्या. विजेचं केंद्र तारापूरला, आणि तेही २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं. हसू फार टिकलं नाही.

असं खोकं शोधणं सोपं नसतं, हे मला ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्याने शिकवलं. त्यांच्या गेटवरून अग्निशमन केंद्राकडे हॉटलाइन होती आणि दुसऱ्या रस्त्याने दुसरी राखीव. नकाशावर दोन वेगळ्या रंगांच्या रेषा. एका संध्याकाळी जेसीबीने नाल्याशेजारी खोदलं आणि दोन्ही एकदम डेड. केबल जोडणारा आमचा जॉइंटर खड्ड्यात उतरला, वर बघून म्हणाला, "मॅडम, दोन्ही केबल एकाच पाइपातून नाला ओलांडतायत." नाल्यावर पाइप एकच होता, नकाशा काढणाऱ्याने तिकडे बघितलंच नव्हतं. रात्री दोनपर्यंत ताडपत्रीखाली बॅटरीच्या उजेडात तो एकेक जोडी जुळवत होता आणि मी वरून तारांचे रंग वाचत होते.

तेव्हापासून एक नेम धरला. रोज सकाळी एमडीएफवरून, म्हणजे एक्स्चेंजात सगळ्या लाइनी जिथे येतात त्या चौकटीवरून, त्या गेटला रिंग द्यायची. रखवालदार उचलून म्हणायचा, "जिवंत आहे हो, मॅडम." वर्षाकाठी एकदाही कामाला न येणारा फोन रोज वाजवल्याशिवाय त्याची खात्री नाही. अमेरिकेच्या नियमांतही केंद्रातून आयोगाशी बोलायची व्यवस्था दर महिन्याला तपासायची म्हणून लिहिलंय. महिना मला जरा जास्तच वाटतो, पण ते असो.

जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या २०११ च्या अपघातातही हेच. आणीबाणीत सूत्रं हलवायची म्हणून केंद्रापासून साधारण ५ किलोमीटरवर खास कार्यालय बांधलेलं. भूकंपाने तिथलीच वीज गेली, बहुतेक संपर्क तुटला आणि १५ मार्चला माणसांना ते सोडून फुकुशिमा शहरात जावं लागलं.

तर मी परवाच्या लाइटनंतर बाजारातून छोटा यूपीएस आणला, खोक्याला जोडला आणि मुद्दाम घरचा मेन स्विच पाडला. हिरवा दिवा चालू. पनवेलला अक्काला फोन लावला, लागला. खूश झाले. शुक्रवारी खरोखरच लाइट गेली तेव्हा दिवा हिरवाच होता आणि फोन डेड. टॉर्च घेऊन खाली उतरले. जिन्याखाली सायकलींच्या मागे फायबरचं आणखी एक खोकं निघालं, साध्या प्लगवर. सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, कोटेशन आणा, मीटिंगमध्ये ठेवू."