फिन्स पाण्यात तोलून घेतले

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी स्कूबा डायव्हिंग करताना माझ्या बडीने, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या डायव्हरने, पाण्याखाली काढलेला व्हिडिओ मी संध्याकाळी मुरुडेश्वरच्या खोलीत बसून पाहिला आणि फार वाईट वाटलं. माझी समजूत अशी की मी छान आडवी पोहते. व्हिडिओत डोकं वर, पाय खाली, जणू जिना चढते आहे. प्रत्येक किकला मागे वाळूचा लोट उठत होता आणि सावकाश प्रवाळावर जाऊन बसत होता. जे बघायला एवढ्या लांब जायचं, त्याच्यावरच माती टाकून परत यायचं, हे मला सहन होईना.

पायांत होते जाड, काळे रबरी फिन्स, म्हणजे पाणी मागे ढकलायचे वल्ह्यासारखे पंख. स्कॉटलंडला राहणाऱ्या मामेभावाने सुचवलेले. त्याचंही चुकलं नव्हतं. तो गार पाण्यात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा, हवा असलेला सूट, घालून उतरतो. त्या सूटमधली हवा पायांकडे सरकली की पाय वर जातात, म्हणून त्याला पायाशी वजन हवंच असतं. मी उतरते २८ अंशांच्या पाण्यात, ३ मिलिमीटर जाडीच्या, अंगाला चिकटून बसणाऱ्या वेटसूटमध्ये. माझे पाय वर उचलणारं तिथे काहीच नाही.

आधी आहेत त्याच फिन्सवर भागतं का ते पाहिलं. पाण्याखाली राहता यावं म्हणून कमरेच्या बेल्टवर वजनं लावतात, त्यातलं १ किलो काढून पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यात अडकवलं. सिलिंडरही थोडा वर घेतला, पण मग मान वर केली की डोकं व्हॉल्व्हवर आपटायचं, म्हणून तो पुन्हा खाली आणला. वजन हलवल्याने फरक पडला, पण अर्धाच.

मग घरी पिंप भरलं आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतला. कोरडा फिन १ किलो ४०० ग्रॅम. पाण्यात सोडला तर काटा कधी २६०, कधी २९० दाखवी. हात घालून बघितलं, तर पाऊल घालायच्या खोबणीत हवेचे बुडबुडे अडकलेले. ते बोटाने चोळून काढले तेव्हा आकडा ३२० वर थांबला. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे तिथे तो आणखी २५-३० ग्रॅमने कमी भरेल. दोन्ही पायांचे मिळून सहाशे ग्रॅम धरा.

सहाशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण शरीराचा तोल कमरेच्या आसपास असतो आणि फिन्स तिथून जवळपास मीटरभर लांब. शाळेतली तरफ आठवा. तेवढ्या वजनाची बरोबरी करायला कमरेवरचे २ किलो एक फूट डोक्याकडे न्यावे लागतात. मी नेलं होतं १ किलो. फिन घेताना आपण तो किती पुढे ढकलतो एवढंच विचारतो. खरं तर शरीराच्या पार टोकाला बांधलेलं ते वजन आहे, आणि ते पाण्यात किती भरतं हे डब्यावर बहुधा छापलेलं नसतं.

मैत्रिणींकडून दोन जोड मागून आणले. एक पूर्ण प्लास्टिकचा. तो तरंगायचा, त्यामुळे काट्याला लागेना. मग त्याला वाण्याकडचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन बांधलं. ते एकटं पाण्यात ४३५ भरत होतं, फिनसकट ३७०. म्हणजे फिन ६५ ग्रॅम वर उचलतो. दुसरा जोड रबर आणि प्लास्टिक मिळून केलेला. त्यातला एक फिन पाण्यात ९० ग्रॅम भरला.

दोन्ही जोड घेऊन तरणतलावात उतरले. गोडं पाणी, म्हणून बेल्टवरून २ किलो कमी केले. हात छातीशी बांधायचे, किक बंद, आणि मनात तीसपर्यंत मोजत शरीर आडवं राहतं का ते पाहायचं. प्लास्टिकच्या जोडाने सुरुवातीला आनंद दिला. पण सिलिंडर ५० बार दाबावर, म्हणजे संपत, आला तसे पाय वर जायला लागले आणि मी डोक्यावर उलटायला लागले. ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या सिलिंडरमधली दोनेक किलो हवा तोवर संपलेली असते, आणि हलका झालेला त्याचा बूड कमरेला वर ओढतो. म्हणून ट्रिम, म्हणजे पाण्यात आडवं राहण्याचा तोल, तपासायची तर भरल्या सिलिंडरवर नको, शेवटी तपासा. ९० ग्रॅमवाला जोड तिथेही आडवा राहिला. बुटीज, म्हणजे फिनच्या आत घालायचे मऊ बूट, घालून माप बघितलं आणि तोच घेतला. रंग मला आवडला नाही, चालतं.

नंतर मालवणला वर येताना ५ मीटरवर सुरक्षेसाठी ३ मिनिटं थांबले तेव्हा मी पाय हलवले नाहीत, आणि पायही जागेवरून हलले नाहीत. भरल्या सिलिंडरवर मात्र ते अजून किंचित खाली राहतात. अर्धा किलो वर कुठे बांधायचं, ते पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की बघणार आहे. रबरी जोड मामेभाऊ घेऊन गेला.